स्क्रीन कोणाच्या ताब्यात? लिनक्सवरच्या ग्राफिकल सेशनचा आतला कारभार

तुमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये उबुंटूची मशीन्स आहेत. एक विद्यार्थी लॉगिन असताना दुसरा ‘स्विच यूजर’ करून आत येतो, तेव्हा पहिल्याच्या विंडो जातात कुठे, हा तुमचा पहिला प्रश्न. दुसरा असा की, तुम्ही एसएसएचने, म्हणजे नेटवर्कवरून, रूट (सर्वाधिकारी यूजर) म्हणून शिरलात, प्रोग्रॅमला स्क्रीनचा पत्ता सांगणारं डिस्प्ले व्हेरिएबल ‘:०’ असं सेट केलंत, तरी विद्यार्थ्याच्या स्क्रीनवर साधी सूचनेची विंडो उघडेना. ‘कॅनॉट ओपन डिस्प्ले’ म्हणून मशीनने हात वर केले. आणि तिसरा, तोच विद्यार्थी होस्टेलवरून एक्सआरडीपीने (दुरून डेस्कटॉप उघडून देणारा प्रोग्रॅम) आला की त्याला नुसती काळी स्क्रीन का दिसते. तिन्हींचं मूळ एकच आहे, म्हणून एकत्रच लिहितो. कमांड आणि फाइलींची नावं इथे उच्चारानुसार दिली आहेत. टाइप करताना अर्थातच नेहमीच्या स्पेलिंगने करायची.

डिस्प्ले सर्व्हर म्हणजे विंडो रंगवणारा प्रोग्रॅम, असं बहुतेकांच्या डोक्यात असतं. ते काम तो करतोच. पण सेशनच्या भानगडी रंगवण्यावरून होत नाहीत, ताब्यावरून होतात. मशीनला स्क्रीन एक, कीबोर्ड एक, माऊस एक. त्यावर या क्षणी ताबा कोणाचा, तो कोण देतं, कोण काढून घेतं आणि काढून घेतल्यावर आधीच्याचं काय होतं, एवढं समजलं की निम्मे एरर मेसेज वाचताक्षणी उलगडतात.

थोडं मागे जावं लागेल. एक्स विंडो सिस्टिम (थोडक्यात ‘एक्स’, डिस्प्ले सर्व्हरची जुनी पद्धत) १९८४ मध्ये एमआयटीत, अथेना प्रकल्पाच्या आसऱ्याने सुरू झाली. बॉब शाइफ्लर आणि जिम गेटिस ही तिची सुरुवातीची नावं. सप्टेंबर १९८७ मध्ये प्रोटोकॉलची अकरावी आवृत्ती आली आणि ‘एक्स-इलेव्हन’ हे नाव आजवर टिकलं, कारण बारावी कधी आलीच नाही. त्या काळी प्रोग्रॅम एका मशीनवर आणि स्क्रीन दुसऱ्याच टेबलावर, हा रोजचा मामला होता. म्हणून एक्स सर्व्हर सॉकेटवर, म्हणजे प्रोग्रॅमना बोलण्यासाठी ठेवलेल्या दारावर, कान लावून बसतो. त्याच मशीनवरच्या प्रोग्रॅमसाठी /टीएमपी/.एक्स११-युनिक्स/एक्स० ही सॉकेट फाइल, नेटवर्कवरून येणाऱ्यांसाठी टीसीपीचं ६००० नंबरचं पोर्ट. डिस्प्ले नंबर १ असेल तर एक्स१ आणि ६००१. नेटवर्कची वाट आता डिस्ट्रोंमध्ये (उबुंटूसारख्या लिनक्सच्या संचांत) बंदच ठेवलेली असते, आणि ते योग्यच आहे.

यातली गंमत म्हणजे एक्स सर्व्हरला ‘सेशन’ हा प्रकारच ठाऊक नाही. त्याला दिसतात ती फक्त कनेक्शन्स. लॉगिन केलेला माणूस कोण, त्याने लॉगआउट कधी केलं, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. सेशन बाहेरून बांधलेलं असतं, आणि ते किती साध्या दोरीने बांधलंय हे स्टार्टएक्स या एक्स सुरू करणाऱ्या कमांडमध्ये छान दिसतं. त्याच्या मागचा एक्सइनिट हा प्रोग्रॅम सर्व्हर सुरू करताना सिगयूएसआर१ हा सिग्नल ‘दुर्लक्ष करा’ अशा अवस्थेत त्याच्या हाती देतो. सर्व्हरला तो सिग्नल तसा मिळाला की तो समजून जातो, आपण तयार झालो की पालक प्रोसेसला हाच सिग्नल पाठवायचा. तो आला की एक्सइनिट तुमची .एक्सइनिटआरसी ही स्क्रिप्ट चालवतो आणि ती संपेपर्यंत थांबतो. स्क्रिप्ट संपली की सर्व्हर मारतो. झालं तुमचं सेशन. जीडीएम, एसडीडीएम, लाइटडीएम या डिस्प्ले मॅनेजरांनी त्यावर लॉगिनची स्क्रीन, पासवर्ड, भाषा, डेस्कटॉपची निवड असा थाट उभा केला; पण पहिली प्रोसेस जिवंत तोवर सेशन जिवंत, हा नियम तोच राहिला.

म्हणूनच ‘पासवर्ड बरोबर आहे, तरी क्षणभर काळं होऊन पुन्हा लॉगिनच येतं’ ही तक्रार आली की मी ग्राफिक्स ड्रायव्हरला लगेच हात घालत नाही. सेशनची पहिली प्रोसेस जन्मल्या जन्मल्या मेली, एवढाच त्याचा अर्थ. आधी होम डिरेक्टरीचं पार्टिशन भरलंय का ते बघायचं. लॅबमध्ये कोटा लावलेला असेल तर हमखास तेच निघतं. मग .एक्सऑथॉरिटी ही एक्सची किल्ली ठेवणारी फाइल रूटच्या नावावर गेली आहे का ते बघायचं. कोणीतरी हौसेने सुडो लावून, म्हणजे रूटच्या हक्काने, स्टार्टएक्स चालवलेलं असतं. मालकी परत विद्यार्थ्याच्या नावावर केली की लॉगिन सुरळीत. ड्रायव्हरचा नंबर त्यानंतर.

आता ताब्याकडे. पूर्वी एक्स सर्व्हर रूट म्हणून चालायचा आणि ग्राफिक्स कार्डाच्या रजिस्टरांत थेट हात घालायचा. २००९ मध्ये लिनक्स २.६.२९ मध्ये इंटेलच्या कार्डांसाठी कर्नल मोड सेटिंग आलं, म्हणजे स्क्रीनचं रिझोल्यूशन वगैरे ठरवणं कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) हाती गेलं. पुढे इतर ड्रायव्हरही त्या वाटेने आले. /डेव्ह/डीआरआय/कार्ड० हे ग्राफिक्स कार्डाचं डिव्हाइस एकाच वेळी अनेक प्रोसेसना उघडता येतं, पण स्क्रीनवर काय दिसायचं हे ठरवायचा हक्क एका वेळी एकालाच. त्या हक्काला ‘डीआरएम मास्टर’ म्हणतात. नुसतं जीपीयूवर गणित किंवा चित्र करायचं असेल तर रेंडरडी१२८ सारखं वेगळं डिव्हाइस असतं, त्याला मास्टर लागत नाही. विद्यार्थी एसएसएचने येऊन जीपीयूवर मॉडेल ट्रेन करतो आणि समोर बसलेल्याच्या स्क्रीनला धक्का लागत नाही, तो यामुळे.

हा मास्टर वाटायचं काम सिस्टमडीचा (मशीनवरच्या सेवा सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमचा) लॉगिनडी करतो. जीडीएमने पासवर्ड पॅमकडे (लॉगिन तपासणारी व्यवस्था) दिला की पॅमच्या रांगेतलं एक मॉड्यूल लॉगिनडीला कळवतं, की अमुक यूजर, अमुक सीटवर (स्क्रीन-कीबोर्ड-माऊसचा संच), अमुक व्हर्च्युअल टर्मिनलवर (एकाच स्क्रीनवर आळीपाळीने दिसणाऱ्या पडद्यांपैकी एक) आला आहे. लॉगिनडी सेशनला नंबर देतो, /रन/यूजर/१००१ अशी डिरेक्टरी त्या यूजरपुरती तयार होते (१००१ हा त्या यूजरचा नंबर, म्हणजे यूआयडी). मग डिस्प्ले सर्व्हर स्वतः डिव्हाइस उघडत नाही. डी-बसवरून (प्रोग्रॅमांमधली निरोपांची वाट) लॉगिनडीकडे ‘टेकडिव्हाइस’ अशी मागणी करतो आणि लॉगिनडी उघडलेला फाइल डिस्क्रिप्टर, म्हणजे त्या डिव्हाइसची उघडी वाट, त्याच्या हातात ठेवतो. यामुळेच २०१४ च्या १.१६ आवृत्तीपासून एक्स सर्व्हर रूटशिवाय चालू शकला, आणि वेलँडचे (एक्सच्या जागी आलेली नवी पद्धत) कंपोझिटर, म्हणजे त्यातले डिस्प्ले सर्व्हर, तर पहिल्यापासून साध्या यूजरचेच असतात. फ्रीबीएसडी या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर सिस्टमडी नाही, तिथे वेलँडसाठी सीटडी नावाचा मागे चालणारा छोटासा प्रोग्रॅम हेच काम बघतो.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. जीडीएमची लॉगिन स्क्रीन सहसा पहिल्या टर्मिनलवर, पहिला विद्यार्थी दुसऱ्यावर. त्याने ‘स्विच यूजर’ दाबलं की कर्नल लॉगिनडीला कळवतो, की टर्मिनल बदलतंय, सोडायची तयारी करा. लॉगिनडी पहिल्याच्या सगळ्या डिव्हाइसवरचा ताबा काढतो. ग्राफिक्स कार्डाचा मास्टर सोडवून घेतो. कीबोर्ड-माऊसच्या बाबतीत तर त्याहून कडक. कर्नलकडून तो डिस्क्रिप्टर कायमचा रद्दच करवून घेतो. डिस्क्रिप्टर दिसायला उघडा असतो, पण त्यातून एक अक्षर येत नाही. दुसरा विद्यार्थी पासवर्ड टाइप करतोय आणि मागे झाकलेला पहिल्याचा प्रोग्रॅम तो टिपतोय, असं होऊ नये म्हणून ही सोय. मग टर्मिनल बदलतं, नव्या सेशनला मास्टर मिळतो.

पहिल्याच्या विंडो कुठेच जात नाहीत. प्रोसेस जिवंत, मेमरी जशीच्या तशी, डाउनलोड चालू, कंपाइल चालू. वेलँडवर कंपोझिटर ‘पुढची फ्रेम काढा’ असं सांगणं थांबवतो, म्हणून बहुतेक प्रोग्रॅम रंगवायचेही थांबतात. आवाज मात्र साधारणपणे बंद होतो, कारण साउंड कार्डाची परवानगीही लॉगिनडी समोर बसलेल्याच्या नावावर फिरवतो. गाणं पार्श्वभूमीला चालू राहावं म्हणून कोणी विद्यार्थ्यांना ‘ऑडिओ’ ग्रुपमध्ये टाकलं असेल तर ती परवानगी कधीच सुटत नाही आणि दोन सेशन साउंड कार्डावरून भांडतात. तो ग्रुप काढून टाका.

लॉगिनसीटीएल या कमांडला सेशनांची यादी मागितलीत तर हे सगळं डोळ्यांनी दिसेल. समोरचा ‘अ‍ॅक्टिव्ह’, मागचा ‘ऑनलाइन’, आणि कधीकधी ‘क्लोजिंग’, म्हणजे माणूस लॉगआउट झाला पण त्याची एखादी प्रोसेस रेंगाळली. आठ जीबी रॅमच्या मशीनवर तीन-चार अख्खे ग्नोम डेस्कटॉप मागे झोपलेले असले की पुढच्याला मशीन ‘स्लो’ वाटणारच. माझा सल्ला विचाराल तर सामायिक लॅबमध्ये स्विच यूजर बंदच करा. ग्नोमच्या लॉकडाउन सेटिंग्जमध्ये ‘डिसेबल-यूजर-स्विचिंग’ ही की त्यासाठीच आहे. मुलं कुरकुरतील, आठवड्यात विसरतील.

टर्मिनल बदलण्यावरून अजून एक. स्क्रीन गोठल्यावर कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबूनही काही होत नाही, तेव्हा लोक म्हणतात कर्नल अडकला. पुष्कळदा कर्नल ठणठणीत असतो. ग्राफिकल सेशन चालू असताना त्या टर्मिनलपुरतं कर्नलने कीबोर्डकडे बघणं सोडलेलं असतं. तुमची ती तीन बटणं कंपोझिटर किंवा एक्स सर्व्हर स्वतः वाचतो आणि टर्मिनल बदलायची मागणी करतो. तोच लटकला असेल तर मागणी करणार कोण? अशा वेळी दुसऱ्या मशीनवरून एसएसएचने या आणि सीएचव्हीटी ३ ही टर्मिनल बदलणारी कमांड चालवा. लॉगिनडी असल्यामुळे लटकलेल्या सर्व्हरच्या होकाराची वाट बघितली जात नाही. ताबा सरळ काढून घेतला जातो. लॉगिनडीच्या आधी हा होकार खुद्द एक्स सर्व्हरने द्यायचा असे, आणि तो लटकला की पुष्कळदा पॉवरचं बटण दाबावं लागे. ऑल्ट-सिसआरक्यू-आर ही बटणं दाबायच्या युक्तीने कीबोर्ड कर्नलकडे परत घेता येतो, असं जुन्या लेखांत सापडेल. उबुंटूत मात्र सिसआरक्यूची मूळ सेटिंग १७६ असते, त्यात ही युक्ती बसत नाही. फक्त सिंक (अडलेला डेटा डिस्कवर उतरवणं), डिस्क रीड-ओन्ली करणं आणि रीबूट एवढंच चालतं.

आता दुसरा प्रश्न, रूट असून दार बंद का. रूट म्हणजे सातबाऱ्यावर नाव असलेला मालक, पण घरात राहतोय भाडेकरू आणि कुलूप त्याचं. एक्समध्ये ते कुलूप म्हणजे ‘मॅजिक कुकी’. डिस्प्ले मॅनेजर सेशन सुरू करताना १२८ बिटांचा एक यादृच्छिक आकडा तयार करतो, सर्व्हरला देतो आणि यूजरच्या फाइलीत लिहितो. जोडणी करणाऱ्या प्रोग्रॅमने तोच आकडा दाखवला तरच आत प्रवेश. रूटला ती फाइल वाचता येते यात शंका नाही, पण तुमचा प्रोग्रॅम शोधतो रूटच्या होम डिरेक्टरीत, आणि तिथे ती नाही. जीडीएमची कुकी तर /रन/यूजरच्या आत कुठेतरी असते. वेलँड सेशनमधल्या एक्सवेलँडची (जुने एक्स प्रोग्रॅम चालवणारा सर्व्हर) फाइल दर वेळी वेगळ्या नावाची. म्हणजे नुसतं डिस्प्ले व्हेरिएबल सेट करणं म्हणजे पत्ता कळणं, किल्ली नव्हे. एक्सऑथॉरिटी हे व्हेरिएबलही योग्य फाइलीकडे वळवावं लागतं.

यावर नेटवर सगळ्यात जास्त सापडणारा उपाय म्हणजे ‘एक्सहोस्ट +’. तो करू नका. त्याने कुलूपच निघतं, आणि एक्समध्ये एकदा आत आलेल्या कोणालाही बाकी सगळ्यांचं टायपिंग वाचता येतं, स्क्रीनचा फोटो काढता येतो, बनावट क्लिक करता येतात. खात्री करायची असेल तर एक्सच्या सेशनमध्ये ‘एक्सइनपुट टेस्ट’ ला कीबोर्डचा नंबर देऊन चालवा आणि ब्राउझरमध्ये काहीतरी टाइप करा. टर्मिनलमध्ये प्रत्येक बटणाचा कोड धडाधड पडताना दिसेल, कुठलीही परवानगी न मागता. मुलं हुशार असतात हो. लॅबमध्ये हे कोणाच्या तरी लक्षात येतंच.

वेलँड इथे मुळातून वेगळं वागतं. क्रिस्टियन होग्सबर्ग यांनी २००८ मध्ये ते सुरू केलं, १.० आवृत्ती २०१२ ची. कुकी नाही, नेटवर्क पोर्ट नाही. /रन/यूजर/१००१ मध्ये वेलँड-० नावाचं सॉकेट, आणि ती डिरेक्टरी फक्त त्याच यूजरला उघडी. आत आलेल्या प्रोग्रॅमलाही फक्त स्वतःची विंडो दिसते. बटण दाबलं की ते कंपोझिटर ज्या विंडोवर फोकस आहे तिलाच कळवतो. स्क्रीनचं कुलूपही पक्कं. एक्समध्ये लॉक स्क्रीन हा बाकीच्यांसारखाच एक प्रोग्रॅम. तो कोसळला की मागचा डेस्कटॉप उघडा. वेलँडच्या सेशन-लॉक प्रोटोकॉलमध्ये लॉकर कोसळला तरी कंपोझिटर काहीही दाखवायला नकार देतो. याची किंमतही आहे. डिस्प्ले सर्व्हर, विंडो मॅनेजर आणि कंपोझिटर ही तिन्ही कामं एकाच प्रोसेसकडे असल्यामुळे ती पडली की सहसा सगळ्या विंडो तिच्याबरोबर जातात. केडीईच्या प्लाझ्मा ६ या डेस्कटॉपने क्यूटी लायब्ररीवरच्या प्रोग्रॅमपुरता यावर उतारा काढलाय, बाकीकडे अजून भोगायचंच.

तुम्हाला आवडो न आवडो, जायचं तिकडेच आहे. रेड हॅटच्या एंटरप्राइझ लिनक्स १० मधून एक्सऑर्ग हा एक्स सर्व्हर काढून टाकलाय, उबुंटू २५.१० मध्ये ग्नोमचं एक्स सेशन उरलेलं नाही. जुने प्रोग्रॅम एक्सवेलँडवर चालतात. मराठी टायपिंगवाल्यांनी एक लक्षात ठेवावं. इन्स्क्रिप्ट हा नुसता कीबोर्डचा नकाशा आहे, कंपोझिटर तो प्रोग्रॅमच्या हाती देतो, त्यामुळे तो सगळीकडे चालतो. आयबस या टायपिंगच्या प्रोग्रॅमवरून फोनेटिक टाइप करत असाल तर मधे इनपुट मेथडचा वेगळा प्रोटोकॉल येतो, आणि एखाद्या प्रोग्रॅमने तो नीट घेतला नसेल तर नेमकं त्याच विंडोत मराठी उमटत नाही. फॉन्ट बदलून उपयोग नसतो.

बरं, सूचना दाखवायची तर कशी? तुम्हाला मुळात स्क्रीनची गरजच नाही. डेस्कटॉपवरच्या सूचना डी-बसवरून जातात. विद्यार्थ्याचा यूजर म्हणून, डी-बस सेशन अ‍ॅड्रेस हे व्हेरिएबल /रन/यूजर/१००१/बस या सॉकेटकडे वळवून नोटिफाय-सेंड चालवा. रंगवायचं काम त्याच्याच डेस्कटॉपची प्रोसेस करते, तुम्ही फक्त निरोप देता. सत्र परीक्षेत ‘पाच मिनिटं उरली’ हे सगळ्या मशीन्सवर दाखवायला एवढं पुरतं.

राहिला एक्सआरडीपीचा काळा पडदा. एक्सआरडीपी सहसा डिस्प्ले नंबर १० पासून पुढे स्वतःचा वेगळा एक्स सर्व्हर उघडतो. त्याला ना व्हर्च्युअल टर्मिनल, ना सीट, ना डीआरएम मास्टर. चित्र थेट नेटवर्कवर जातं. त्यामुळे लॅबमधल्या स्क्रीनशी त्याचं भांडण नाही. भांडण आहे ते एका यूजरला एकच डी-बस आणि सिस्टमडीचा एकच यूजर मॅनेजर असतो यावरून. विद्यार्थी दुपारी लॅबमध्ये स्क्रीन लॉक करून गेला, लॉगआउट केलं नाही. रात्री होस्टेलवरून त्याच नावाने आला. दुसरा ग्नोम उठतो, बसवर आपलं नाव नोंदवायला जातो, तर ते नाव पहिल्याने आधीच घेतलेलं. ‘ग्राफिकल-सेशन’ हे सिस्टमडीचं टार्गेटही यूजरमागे एकच, तेही आधीच चालू. दुसरा ग्नोम निमूटपणे मरतो किंवा अर्धवट लटकतो, आणि एक्सआरडीपीचा रिकामा सर्व्हर काळा उरतो.

नेटवर यासाठी एक्सआरडीपीच्या स्टार्टडब्ल्यूएम स्क्रिप्टमध्ये डी-बसचा पत्ता आणि एक्सडीजी रनटाइम डिरेक्टरी ही दोन व्हेरिएबल पुसून टाकायचा उपाय फिरतो. त्याने स्क्रीन येते. पण मग आवाज नाही, पासवर्डचं कीरिंग उघडत नाही, फ्लॅटपॅकच्या प्रोग्रॅमांत फाइल उघडायची विंडो येत नाही, आणि दर दोन दिवसांनी नवी तक्रार तुमच्या टेबलावर. माझ्या मते सरळ उपाय दोनच. एक, जुनं सेशन लॉगिनसीटीएलने ‘टर्मिनेट-सेशन’ करून मोकळं करा. न सेव्ह केलेलं काम जाईल, हे मुलांना आधी सांगून ठेवा. दोन, ग्नोम ४६ किंवा त्यापुढचं असेल तर एक्सआरडीपी काढून ग्नोमचंच रिमोट लॉगिन वापरा. ते जीडीएममधून येत असल्यामुळे यूजरचं सेशन आधीपासून आहे की नाही हे त्याला माहीत असतं.

सगळं करूनही काळंच दिसलं तर त्या यूजरच्या यूआयडीवर जर्नलसीटीएल (सिस्टिमचा लॉग दाखवणारी कमांड) चाळून या बूटमधल्या ओळी बघा. एक्सच्या सेशनसाठी होम डिरेक्टरीतली .एक्ससेशन-एरर्स आणि .लोकल/शेअर/एक्सऑर्ग मधली लॉग फाइलही उघडा. रूटशिवाय चालणाऱ्या सर्व्हरचा लॉग तिथे जातो, /व्हार/लॉग मध्ये नाही. ‘ई-अ‍ॅक्सेस’ किंवा ‘परमिशन डिनाइड’ दिसलं तर बहुधा मास्टर मिळालेला नाही; बसवरचं नाव आधीच घेतल्याची तक्रार दिसली तर दुसरं सेशन कुठेतरी जिवंत आहे.